मुंग्या गेल्या, चौकोन आले

रविवारची संध्याकाळ, बोरिवलीतल्या एका सोसायटीचा दुसरा मजला, सामन्यातली शेवटची चार षटके. गोलंदाज धावत येतो आणि त्याच्या डोक्याचे चौकोन होऊन बाजूला सरकतात. धड मात्र जागच्या जागी. आवाज मध्येच तुटतो. घरातले कोणीतरी उठून टीव्हीमागची वायर हलवते, चित्र क्षणभर येते, आणि सर्वानुमते निकाल लागतो : सिग्नल कमी आहे, बूस्टर लावा.

हा निकाल जुन्या टीव्हीचा आहे. मुंबईतली केबल ३१ ऑक्टोबर २०१२ या मुदतीला कायद्याने डिजिटल झाली. दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईसाठीही तीच तारीख ठरली होती. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत घरोघर सेट टॉप बॉक्स आले, पण बिघाडाकडे पाहण्याची नजर मात्र जुनीच राहिली. अ‍ॅनालॉग केबलवर सिग्नल खालावला की चित्रही हळूहळू खालावायचे. आधी मुंग्या, मग सावल्या, मग नुसती खरखर. मुंग्यांतूनही स्कोअर वाचता यायचा.

डिजिटलमध्ये अशी उतरंड नसते. वाटेत आकडे चुकले तर बॉक्स ते स्वतः दुरुस्त करतो, त्यामुळे सिग्नल बऱ्यापैकी बिघडला तरी चित्र लख्ख दिसते. दुरुस्तीची क्षमता संपली की चित्र एकदम कोसळते. मधला टप्पा जवळजवळ नाहीच. ‘काल रात्रीपर्यंत सगळे उत्तम होते, म्हणजे आज केबलवाल्यानेच काहीतरी केले’ हा तर्क म्हणून फसतो. सिग्नल महिनाभर खचत असेल आणि काल रात्री तो फक्त काठावरून खाली पडला असेल.

आता बूस्टर. सिग्नल जितका जोरदार तितके चित्र चांगले, ही समजूत सगळ्यांत महागात पडते. केबल बॉक्सला हवी असलेली पातळी ढोबळमानाने ५० ते ७० डेसिबल-मायक्रोव्होल्ट असते. त्याहून फार जास्त झाली तर बॉक्सचा ट्यूनर गुदमरतो आणि तसेच चौकोन उमटतात. शिवाय बूस्टर फक्त सिग्नल वाढवत नाही, वाटेत मिसळलेला गोंगाटही वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा घालतो. बूस्टरची जागा लांब वायरीच्या सुरुवातीला, सिग्नल स्वच्छ असताना. टीव्हीच्या पाठीशी लावलेला बूस्टर म्हणजे नासलेल्या दुधात साखर.

मग ती वायर हलवल्यावर चित्र आले कसे? इथे जरा वाकून पाहायला हवे. केबलच्या मधोमध तांब्याचा मुलामा असलेली तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर पत्रा आणि बारीक तारांची जाळी, सर्वांत बाहेर काळे आवरण. टोकाला पेचाचा कनेक्टर. घाईत सोललेल्या टोकाशी जाळीतली केसाएवढी एक तार मधल्या तारेला चिकटली तरी बराचसा सिग्नल तिथेच जिरतो. मधली तार आखूड कापली गेली असेल तर ती बॉक्सच्या भोकात नीट टेकतच नाही, आणि हलवले की क्षणभर टेकते. उपनगरात पाचव्या मजल्याच्या गच्चीवरून शेजारच्या इमारतीत लोंबत गेलेल्या वायरींवर असे जॉइंट उघड्यावर असतात. जून ते सप्टेंबर पाणी आत झिरपते, तार हिरवी-काळी पडते. दोन बोटे वायर कापून नवा कनेक्टर घट्ट बसवणे हे काम बूस्टरच्या किमतीच्या तुलनेत फुकटच म्हणायचे.

याच पावसाने आणखी एक गोंधळ घातला आहे. मुसळधार सुरू झाली की छत्रीवाल्या डीटीएचचे चित्र जाते, कारण त्याच्या सूक्ष्म लहरी पावसाचे थेंब शोषतात. केबलवर तसे होत नाही. सिग्नल घरी वायरीतून येतो आणि कंपनीच्या केंद्रावरच्या मोठ्या डिशना पाऊस फारसा बाधत नाही. केबल पावसात गेली तर संशय थेट जॉइंटवर, नाहीतर वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरवर घ्यावा. तो अ‍ॅम्प्लिफायर कुठल्यातरी इमारतीच्या मीटरवर चालतो. आपल्या घरी दिवे असून शेजारच्या विंगमध्ये नसले, तरी टीव्ही बंद पडतो तो असा.

बॉक्सच्या मेनूत ‘स्ट्रेंग्थ ९०’ दिसले की बरेच जण सिग्नलला निर्दोष ठरवून बॉक्सवर दोष टाकतात. त्या पट्टीच्या खाली दुसरी पट्टी असते, ‘क्वालिटी’. स्ट्रेंग्थ म्हणजे आवाज किती मोठा, क्वालिटी म्हणजे शब्द किती स्पष्ट. दादर स्टेशनवरची उद्घोषणा मोठी असतेच, पण कळते किती? पाहायचे ते क्वालिटीकडे, आणि तेही बिघडलेल्या वाहिनीवर असताना.

कारण सगळ्या वाहिन्या एका वाटेने येत नाहीत. जुन्या केबलवर ज्या ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकच वाहिनी मावायची, त्यात आता सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट एवढा प्रवाह जातो आणि साध्या दर्जाच्या डझनभर तरी वाहिन्या एकत्र येतात. म्हणून ठरावीक दहा-बाराच वाहिन्या एकदम फुटत असतील, तर बिघाड त्यांच्या सामाईक पट्ट्यात आहे. त्यातही वायर लांब असेल तर वरच्या पट्ट्यांना आधी फटका बसतो. घरगुती जातीच्या शंभर मीटर केबलमध्ये ५० मेगाहर्ट्झला पाचेक डेसिबल गळतात, तर ८६० मेगाहर्ट्झला वीसच्या आसपास. बेडरूमसाठी लावलेला साधा दोन तोंडांचा स्प्लिटर आणखी साडेतीन-चार डेसिबल खातो. फोनचाही हात असू शकतो. केबल ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत जाते आणि फोनचे ७०० व ८५० मेगाहर्ट्झचे पट्टे त्याच परिसरात आहेत. जाळी नीट नसलेली वायर बॉक्सशेजारच्या फोनचा सिग्नल आत ओढून घेते.

काही वेळा तर बिघाडच नसतो. निळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही पाटी तरंगत असेल तर ती बहुधा टीव्हीची असते, बॉक्सची नव्हे. रिमोटवरून एचडीएमआय दोनऐवजी एक निवडला की प्रश्न मिटतो. बॉक्सचा मेनू दिसतो पण वाहिनीवर परवानगी नसल्याचा संदेश येतो, तेव्हा मामला रिचार्जचा किंवा पॅकचा. फेब्रुवारी २०२३मध्ये स्टार, झी आणि सोनी यांचा केबल कंपन्यांशी नव्या दरकरारांवरून वाद झाला, आणि करार न केलेल्या कंपन्यांकडच्या वाहिन्या काही दिवस बंद राहिल्या. ते चित्र कुठल्याही कनेक्टरने परत आले नसते.

घर बदलताना घाटकोपरचा बॉक्स अंधेरीला नेता येईल, ही आशाही जपून बाळगावी. तिथे तीच कंपनी असेल तर ठीक. नाहीतर तो चालणार नाही, कारण वाहिन्यांवरचे कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, आणि बॉक्समधली त्याची किल्ली कंपनीगणिक वेगळी असते. कुठलाही बॉक्स कुठेही चालावा अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने एप्रिल २०२०मध्ये केली, पण ग्राहकाच्या घरात ती सोय अजून पोहोचलेली नाही.

हौशी लोकांचा गैरसमज याच कुलपापाशी अडतो. बैठकीत मोठा टीव्ही, त्याला जोडलेला संगणक, त्यात चित्रपटांचा साठा; मग त्यातच ट्यूनर कार्ड घालून केबल पाहावी आणि मालिका रेकॉर्ड कराव्यात, ही कल्पना कोणालाही मोहवेल. परदेशी व्हिडिओंत ती चालतानाही दिसते. अमेरिकेत केबल कंपन्या ग्राहकाला ‘केबलकार्ड’ नावाची किल्ली देत, तीच संगणकाच्या ट्यूनरमध्ये सरकवली जाई. तिथेही हे दिवस सरत आले : मायक्रोसॉफ्टने २०१५च्या विंडोज १०मधून असे ट्यूनर चालवणारे मीडिया सेंटर काढून टाकले आणि २०२०मध्ये केबलकार्ड देण्याची सक्तीही उठली.

भारतात तशी किल्ली ग्राहकाच्या हाती कधी आलीच नाही. इथे संगणकात केबलसाठीचे डीव्हीबी-सी कार्ड घालून शोध लावला तर वाहिन्यांची नावे भराभर उमटतात, हौशी माणूस खूश होतो आणि पहिल्याच वाहिनीवर काळा पडदा येतो. तो तास-दोन तास ड्रायव्हर बदलत बसतो. दोष ड्रायव्हरचा नाही. डिजिटल केबलच्या कायद्यात वाहिन्या कुलूपबंद स्वरूपातच पाठवणे बंधनकारक आहे. अगदी मोफत वाहिन्याही त्यात आल्या. बॉक्सच्या एचडीएमआयमधून कॅप्चर कार्डात चित्र घ्यावे म्हटले तर तिथेही नकलेविरुद्धची राखण असते आणि पुन्हा काळोखच पदरी येतो. केबलसाठी बॉक्स सरळ टीव्हीला आणि संगणक टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआयला, हीच जोडणी इथे निभते.

तरीही संगणकावरच टीव्ही हवा असेल तर वाट आकाशातून आहे. प्रसारभारतीची ‘डीडी फ्री डिश’ सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते आणि तिच्या बहुतेक वाहिन्यांना कुलूप नसते. मुंबईतून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर दिसतो. त्या बाजूला टॉवर उभा नसेल तर छोटी डिश, उपग्रहासाठीचे डीव्हीबी-एस२ कार्ड आणि टीव्हीहेडएंडसारखे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यात रेकॉर्डिंगही होते. लॅमिंग्टन रोडवर कार्ड घेताना खोक्यावर ‘सी’ छापलेय की ‘एस२’, तेवढे वाचूनच पैसे मोजावेत.