डेरेक नावाचा कुणी नव्हताच

१९७० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या लहानसहान क्लबांत चौघांचा एक बँड वाजवत फिरत होता. नाव ‘डेरेक अँड द डॉमिनोज’. गिटार वाजवणाऱ्याचं खरं नाव जाहिरातीत घालायचं नाही, अशी आयोजकांना अट होती. घातलं असतं तर गर्दी आवरली नसती, कारण तो एरिक क्लॅप्टन होता. ‘क्लॅप्टन देव आहे’ असं लंडनच्या भिंतींवर रंगवून झालं त्यालाही तोवर काही वर्षं लोटली होती.

या देवपणाला तो विटला होता. ‘क्रीम’ या तिघांच्या बँडमध्ये (१९६६ ते ६८) तिघेही एकाच वेळी एकमेकांवर मात करायला बघत. त्यानंतरचा ‘ब्लाइंड फेथ’ १९६९ मध्ये एक अल्बम आणि एक अमेरिका दौरा करून आटोपला. मात्र त्या दौऱ्यात मुख्य कार्यक्रमाआधी वाजवणारी मंडळी त्याला फार आवडली. डिलेनी आणि बॉनी ब्रॅमलेट हे नवराबायको आणि त्यांचा गोतावळा. तिथं कुणी स्टार नव्हता. क्लॅप्टन त्यांच्या बसमध्ये जाऊन बसू लागला, पुढे त्यांच्या मागे उभा राहून साथही करू लागला. ‘तू गा’ म्हणून त्याच्या मागे लागला तोही डिलेनीच.

त्या गोतावळ्यातूनच डॉमिनोज जमले. बॉबी व्हिटलॉक ऑर्गन-पियानोवर आणि गायला; मेम्फिसच्या सोल संगीतात वाढलेला. कार्ल रेडल बेसवर, ओक्लाहोमातल्या टल्साचा. ड्रम्सवर जिम गॉर्डन, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत ज्याला कायम मागणी असे असा वादक; बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’वरही त्यानं वाजवलं आहे. तिघेही साथसंगतीत मुरलेले. १४ जून १९७० ला लंडनच्या लायसियममध्ये पहिला जाहीर कार्यक्रम झाला आणि त्याच सुमारास हीच मंडळी जॉर्ज हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या अल्बमसाठीही वाजवत होती. हॅरिसन क्लॅप्टनचा जिवलग मित्र. आणि क्लॅप्टन हॅरिसनच्या बायकोच्या, पॅटी बॉइडच्या प्रेमात आकंठ बुडालेला. बँडची पुढची सगळी कथा या एका गाठीभोवती फिरते.

ब्लूजची बांधणी तशी सोपी. बारा मापांचं आवर्तन, मुख्यतः तीन कॉर्ड. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर जी जागा उरते तिथं गिटार बोलतं. मराठी कानाला यातली एक गोष्ट लगेच पकडता येते: ब्लूजचा गंधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो, दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. तो काढायला गिटारवाला तार बोटानं ओढतो, सतारीवर मींड घेतात तशी. दुसरा मार्ग स्लाइडचा. बोटात काचेची नळी घालून ती तारेवरून सरकवायची, म्हणजे पडद्यांच्या मधले सगळे सूर हाती येतात. ब्रिजभूषण काब्रांनी आडव्या गिटारवर राग वाजवले ते याच सोयीमुळे.

क्लॅप्टन तार ओढणारा. स्लाइडवाला त्याला मायामीत भेटला.

ऑगस्टअखेर बँड मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत आला. निर्माता टॉम डाउड, तरुणपणी अणुबॉम्बच्या मॅनहटन प्रकल्पात काम केलेला आणि पुढे रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन यांचं ध्वनिमुद्रण केलेला माणूस. तो ऑलमन ब्रदर्स बँडचंही काम करत होता. विल्सन पिकेटच्या ‘हे ज्यूड’वरचं ड्वेन ऑलमनचं गिटार ऐकून क्लॅप्टन आधीच चकित झाला होता. २६ ऑगस्टला ऑलमन ब्रदर्सचा मायामीत कार्यक्रम होता. क्लॅप्टन गेला, पुढ्यात बसला आणि ड्वेनला स्टुडिओतच घेऊन आला. ड्वेन तेव्हा २३ वर्षांचा. सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली हे त्याचं स्लाइडचं हत्यार.

अल्बममधल्या पहिल्या तीन गाण्यांत ड्वेन नाही. ती वाईट नाहीत, ‘बेल बॉटम ब्लूज’ तर उत्तमच आहे. पण चौथ्या गाण्यापासून क्लॅप्टनच्या वाजवण्यात एक सावधपणा येतो, म्हणजे तो ऐकू लागतो. समोरून तोलामोलाचं उत्तर येणार हे ठाऊक झाल्यावर माणूस वायफळ बोलत नाही. ‘हॅव यू एव्हर लव्हड अ वुमन’ हे फ्रेडी किंगनं गाजवलेलं जुनं ब्लूज. विषय मित्राच्या बायकोवरचं प्रेम. क्लॅप्टननं ते निवडलं यात नवल काय! ‘की टू द हायवे’ची तर गंमतच आहे. दुसऱ्या खोलीत कुणीतरी ते गाणं वाजवताना ऐकून ही मंडळी सहज सुरू झाली, टेप चालूच नव्हती. डाउडनं घाईघाईनं ती सुरू करायला लावली. म्हणून रेकॉर्डवर ते गाणं मधूनच उगवतं, आणि पुढं नऊ मिनिटांहून जास्त चालतं.

साधनंही बघण्यासारखी. क्रीमच्या काळात क्लॅप्टनच्या मागे माणसाच्या उंचीचे अँप्लिफायर असत. इथं त्यानं फेंडरचे छोटे, शिकाऊ मुलांना देतात तसले अँप वापरले. आवाज कमी, पण प्रत्येक सुराची कड ऐकू येते. लंडनमध्ये फिल स्पेक्टरच्या हाताखाली घाईच्या लयीत केलेलं ‘टेल द ट्रुथ’ त्यांनी बाजारातून मागे घेतलं होतं. मायामीत लय उतरवून तेच पुन्हा केलं, आणि गाण्यात प्राण आला.

आता ‘लैला’. बाराव्या शतकातल्या निजामीच्या काव्याची गोष्ट क्लॅप्टनला एका मित्रानं वाचायला दिली होती. अमीर खुसरोपासून ऋषी कपूरच्या १९७६ च्या चित्रपटापर्यंत आपल्याकडे ही गोष्ट घरचीच. त्या गिटारवाल्याला मात्र तिच्यात स्वतःचं वेड सापडलं. सुरुवातीची ती सुप्रसिद्ध सात सुरांची हाक ड्वेनची. अल्बर्ट किंगच्या एका संथ गाण्यातली गायकीची ओळ त्यानं दामदुपटीनं पळवली. मुखडा डी मायनरमध्ये, अंतरा अर्ध्या सुरानं खाली. त्यामुळे मुखड्यावर येताना दर वेळी धक्का बसतो. शेवटचा पियानोचा भाग काही आठवड्यांनी जोडलेला. त्याचं श्रेय छापलं गेलं ते जिम गॉर्डनला. त्याची तेव्हाची मैत्रीण, गायिका रीटा कूलिज, ती चाल मुळात आपलीही असल्याचं सांगत आली आहे आणि व्हिटलॉकनंही तिला दुजोरा दिला. त्या भागात ड्वेनचं स्लाइड पडद्यांच्याही वर, किंचित चढं लागतं. सुराला काटेकोर असणाऱ्यांना ते खुपेल. मला तीच जागा सगळ्यात खरी वाटते.

‘लैला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज’ हा दुहेरी अल्बम नोव्हेंबर १९७० मध्ये अमेरिकेत आला. मुखपृष्ठावर एका तरुणीचं रंगचित्र, बँडचं नावसुद्धा नाही. अमेरिकेत तो १६ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला, ब्रिटनच्या यादीत शिरलाच नाही. ‘डेरेक म्हणजेच एरिक’ असे बिल्ले काढायची पाळी रेकॉर्ड कंपनीवर आली. पॅटीनं गाणं ऐकलं, पण तेव्हा तरी ती नवऱ्याला सोडून आली नाही. त्यांचं लग्न व्हायला १९७९ उजाडलं.

बँडच्या दौऱ्यात हेरॉइन, कोकेन पाण्यासारखं वाहत होतं. ६ डिसेंबरला न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजात शेवटचा कार्यक्रम झाला. १९७१ च्या वसंतात लंडनला दुसऱ्या अल्बमचं काम सुरू झालं आणि क्लॅप्टन-गॉर्डन भांडणात मोडलं. जेमतेम वर्षाचा संसार. साथीदारांच्या बँडला अडचणीच्या वेळी कुणीतरी पुढारी लागतोच, आणि तो होण्याची क्लॅप्टनची इच्छा नव्हती, ताकदही नव्हती.

पुढचं ऐकायला जड आहे. ड्वेन ऑक्टोबर १९७१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात २४ व्या वर्षी गेला. क्लॅप्टन हेरॉइनच्या आहारी जाऊन घरात कोंडून राहिला. रेडल १९८० मध्ये गेला, वय ३७. गॉर्डनला स्किझोफ्रेनिया होता. १९८३ मध्ये त्याच्या हातून आईचा खून झाला आणि उरलेलं आयुष्य तुरुंगात काढून २०२३ मध्ये तो वारला. २०२५ मध्ये व्हिटलॉकही गेला. १९७१ च्या कापलेल्या आवृत्तीत फारसं कुणी न विचारलेलं ‘लैला’ १९७२ मध्ये पूर्ण लांबीनं पुन्हा निघालं, तेव्हा कुठं अमेरिकेत दहावं आणि ब्रिटनमध्ये सातवं आलं. तोवर बँड उरला नव्हता.

नव्यानं ऐकणाऱ्यांनी ‘लैला’पासून सुरुवात करू नये. ते ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय, आणि क्लॅप्टनच्या १९९२ च्या ‘अनप्लग्ड’नं त्यातली तगमग आणखी निवली. ‘हॅव यू एव्हर लव्हड अ वुमन’ लावा आणि कोणतं गिटार कुणाचं हे ओळखायचा प्रयत्न करा. सरकत जाणारे सूर ड्वेनचे, ओढून घेतलेले क्लॅप्टनचे.