‘केस’ आहे म्हणून पासपोर्ट नाही?

चिपळूण तालुक्यातून आखातात किंवा बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांची वाट जुनी आहे, आणि त्या वाटेवरची धोंड म्हणून एकच शब्द वर्षानुवर्षं ऐकू येतो: ‘केस’. नावावर केस आहे, म्हणजे पासपोर्ट विसरा. अलोरे, शिरगाव, पोफळी या पट्ट्यात कुणाचं काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे हा निकाल बहुधा कोर्टाच्या आधी गावच देऊन टाकतं. पण या एका शब्दात बांधावरच्या भांडणाची एन.सी., भावकीतला वाटणीचा दावा, चॅप्टर केस, न वटलेला चेक, मारामारीचा खटला आणि पूर्वी भोगून झालेली शिक्षा हे सगळं कोंबलेलं असतं. कायदा या प्रत्येकाकडे वेगळ्या नजरेने बघतो. माणसाच्या नावाला डाग आहे का, हा त्याचा प्रश्नच नाही. हा माणूस कोर्टाला हवा तेव्हा सापडेल का आणि त्याने अर्जात खरं सांगितलं आहे का, एवढंच त्याला मुख्यतः पाहायचं असतं.

पासपोर्ट म्हणजे सरकारने सज्जनांना दिलेलं बक्षीस, ही समजूत 1967 सालीच मोडीत निघाली. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा करावा लागला. 1978 च्या मनेका गांधी निकालाने पुढे सांगितलं की हा हक्क काढून घेण्याची पद्धतही न्याय्य असली पाहिजे. आता त्या कायद्याचं कलम 6(2) पाहू. शिक्षा झालेल्याला पासपोर्ट नाकारायचा असेल, तर तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: गुन्हा नैतिक अधःपतनाचा असावा, शिक्षा किमान दोन वर्षं कैदेची असावी आणि ती अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत झालेली असावी. उलट ज्याच्यावर फौजदारी खटला नुसता चालू आहे, त्याला मात्र कोर्टाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट मिळत नाही. म्हणजे मारामारीत सहा महिन्यांची शिक्षा भोगून मोकळा झालेला माणूस अर्ज करू शकतो आणि अजून दोषीही न ठरलेला अडतो. वरवर हे उफराटं वाटतं. पण कलमाचा हेतू शिक्षा करण्याचा नसून आरोपीला खटल्यासाठी हाताशी ठेवण्याचा आहे हे लक्षात घेतलं, की त्याची संगती लागते.

मग खटला ‘चालू’ कधी धरायचा? सर्वात जास्त घोळ इथेच होतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या 10 ऑक्टोबर 2019 च्या कार्यालयीन ज्ञापनानुसार नुसता एफ.आय.आर. किंवा तपासावर असलेलं प्रकरण या कलमात बसत नाही. प्रकरण कोर्टात दाखल होऊन कोर्टाने त्याची दखल घेतलेली असावी लागते. एन.सी. तर त्याच्याही अलीकडची पायरी. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठी घेतलेला बाँड, हा घडलेल्या गुन्ह्याचा खटलाच नव्हे. जमिनीचा, कुळाचा किंवा वाटणीचा दावा दिवाणी असतो, तो इथे मोजतच नाहीत. उलट ज्याला लोक किरकोळ समजतात तो न वटलेल्या चेकचा खटला फौजदारी आहे. त्याची फिर्याद थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होते, पोलीस ठाण्यात नोंद नसते, आणि ‘ठाण्यात माझ्या नावावर काही नाही’ म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस नेमका तिथेच अडकतो.

खटला खरोखर चालू असला तरी दार बंद होत नाही. 25 ऑगस्ट 1993 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या कोर्टात खटला आहे त्याने परदेशी जायला परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. अर्जदाराने कोर्ट बोलावील तेव्हा हजर राहण्याची लेखी हमी द्यायची असते. यातली मेख मुदतीची आहे. पासपोर्ट किती काळासाठी द्यायचा किंवा प्रवास किती काळाचा, यातलं काहीच आदेशात नसेल, तर तो एका वर्षासाठीच निघतो. आखातातल्या नोकरीला असा पासपोर्ट जवळजवळ निरुपयोगी, कारण व्हिसासाठी सहसा सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. म्हणून वकिलाने चिपळूणच्या कोर्टात अर्ज देतानाच मुदत स्पष्ट मागायला हवी. यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. आरोपीला बाहेर सोडलं तर तो पळेल, हा पहिला. ती भीती खोटी नाही, पण तिचा तोल सांभाळायला न्यायाधीश बसलेले आहेत: जामीनदार, अनामत, परतीची तारीख अशा अटी ते घालू शकतात. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, तारखेमागून तारीख पडते, आणि निर्दोष माणसाची उमेदीची वर्षं त्यात जातात. हे खरं आहे. पण तो दोष खटल्यांच्या गतीचा आहे. त्यावर पासपोर्टच्या अर्जात खोटं लिहिणं हा इलाज नाही.

आणि खोटं लिहिण्याचा सल्ला सर्रास मिळतो. ‘नाही’वर खूण करा, पुढचं आम्ही बघतो, असं सांगणाऱ्या एजंटला पुढचं काहीच भोगावं लागत नाही. कलम 12 नुसार जाणूनबुजून खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय मिळालेला पासपोर्ट जप्त होऊ शकतो तो वेगळाच. म्हणजे ज्या खटल्यातून कदाचित सुटका झाली असती, त्याच्या जोडीला दुसरा आपल्या हाताने उभा करायचा. याच संदर्भात एक उलटा गैरसमज: पोलिसांनी पासपोर्ट ताब्यात घेतला की तो गेलाच. सुरेश नंदा यांच्या 2008 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पोलीस तपासासाठी कागद ताब्यात घेऊ शकतात, पण पासपोर्ट रोखून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचाच, आणि त्यासाठी कायद्याने घालून दिलेली कारवाई करावी लागते.

निर्दोष सुटलो म्हणजे पाटी कोरी, हे भारतीय पासपोर्टपुरतं बरोबर आहे. व्हिसा मात्र दुसऱ्या देशाचा. अमेरिकेच्या अर्जात कधी अटक झाली होती का, असाही प्रश्न असतो, नुसता शिक्षेचा नाही. कॅनडात शिक्षा पुरी होऊन पाच वर्षं झाल्यावर पुनर्वसनाचा अर्ज करता येतो, पण माहिती दडवल्याचं उघड झालं तर पाच वर्षं प्रवेशबंदी. ब्रिटनमध्ये फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत. तिथेही जुन्या गुन्ह्यावर मार्ग निघतो, लपवालपवीवर सहसा निघत नाही.

तेव्हा अर्ज भरण्याआधी दोन कामं करा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने शोध घ्या, आणि काही निघालं तर त्या प्रकरणातल्या शेवटच्या आदेशाची प्रमाणित प्रत कोर्टातून काढून घ्या. निर्दोष मुक्ततेच्या निकालाची प्रतही जपून ठेवा. पोलीस पडताळणीत जुनी नोंद पुढे आली, तर तिथे तोंडी खुलासा चालत नाही, कागद लागतो.