स्वतःला प्रश्न विचारायला लावणारी पुस्तके

वाचनाचे महत्त्व आपल्या समाजाला वेगळे पटवून देण्याची आवश्यकता नाही. ज्या घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी अक्षरओळख नव्हती, तेथे आज पुस्तकांचे कपाट आहे. परंतु कपाटात असलेले पुस्तक आणि मनात उतरलेले पुस्तक यांत फरक असतो. परीक्षेसाठी केलेले वाचन नोकरी मिळवून देते, ते हवेच. त्याबरोबर स्वतःकडे पाहायला लावणारे वाचनही हवे. अशा चार पुस्तकांची ओळख, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी, येथे करून देत आहे.

पहिले पुस्तक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांचे बुद्धचरित्र. ते १८९८ साली प्रसिद्ध झाले. केळुस्कर गुरुजींनी ते शालेय वयातील भीमरावांना भेट दिले, हे सर्वश्रुत आहे. ते वाचून भीमरावांनी वडिलांनाच विचारले की, आपण आम्हाला रामायण-महाभारत वाचण्याचा आग्रह का धरता? भेट मिळालेली पुस्तके आपणही वाचतो. पण वाचून झाल्यावर आपल्याला एखादा प्रश्न पडतो काय?

दुसरे, धर्मानंद कोसंबी यांचे आत्मकथन 'निवेदन'. गोव्यातील या तरुणाने १८९९ च्या अखेरीस पत्नी व लहान मुलगी यांना मागे ठेवून घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा खडतर प्रवास करीत बुद्धाची शिकवण मुळातून समजून घेण्यासाठी ते सिलोनला पोहोचले. आपले मनोदौर्बल्यही त्यांनी झाकलेले नाही. आपल्याला त्रिशरण-पंचशील घरबसल्या मिळाले आहे. त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ समजून घेण्याचे कष्ट आपण घेतले आहेत काय?

तिसरे, दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८). यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या सुशिक्षित माणसाला सांगतो. वस्तुतः दोघे एकच. एक गावातून आणि मुंबईच्या कावाखान्यातून आलेला, दुसरा शिकून पांढरपेशा झालेला. वस्ती सोडून फ्लॅटमध्ये राहावयास गेलेल्या प्रत्येकाच्या आत असा एक दगडू आहे. पाहुण्यांसमोर आपण त्याला आतल्या खोलीत बसवतो काय? गावाकडचा चुलता अचानक दारात उभा राहिला तर आपला चेहरा कसा होतो?

चौथे, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६). फलटणला छोटे किराणा दुकान चालवताना पुड्या बांधण्यासाठी आलेले वर्तमानपत्रांचे कागद त्या वाचत. स्वतःचे लिखाण मात्र त्यांना कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवावे लागले. गावाने समाजावर केलेला अन्याय त्यांनी लिहिला, तसाच आपल्याच घरांतून सुनांना झालेला जाचही लिहिला. पहिल्या भागात आपल्याला संताप येतो. दुसऱ्या भागात पुरुष वाचक पाने भराभर उलटतो. नेमके तेथेच थांबावे. आपल्या घरातील स्त्रीला वाचायला, लिहायला, बोलायला किती मोकळीक आहे?

ही पुस्तके केवळ आपल्या दुःखाची कहाणी म्हणून वाचली, तर डोळे ओले होतात आणि पुस्तक मिटते. दोष सगळा दुसऱ्याच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. म्हणून एक साधी पद्धत सुचवावीशी वाटते. वाचताना जवळ वही ठेवावी. प्रत्येक प्रकरण संपल्यावर लेखकाविषयी नव्हे, तर स्वतःविषयी एकच प्रश्न लिहावा. उत्तर लगेच लिहिण्याची घाई करू नये. महिन्यातून एका रविवारी विहारात वंदनेनंतर चार-पाच जणांनी बसून आपापले प्रश्न वाचून दाखवावेत. त्यात विद्यार्थी असावेत, गृहिणी असाव्यात, निवृत्त मंडळीही असावीत.

बँकेत दिवसाअखेर रोख जुळल्याशिवाय रोखपालाला घरी जाता येत नाही. पाच रुपयांचा फरक असला तरी सारी नोंद पुन्हा तपासावी लागते. आपल्या बोलण्याचा आणि वागण्याचा ताळमेळ असा रोज कोणी मागत नाही. तो मागण्याचे काम चांगले पुस्तक करते. विद्यार्थी मित्रांनी येत्या सुट्टीत यांपैकी एक तरी पुस्तक मिळवून वाचावे, ही विनंती.