आयुष्य कसं चाललंय, हे कोणाला विचारायचं?

सातारा किंवा सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसिक आजाराचा रुग्ण सहसा एकटा येत नाही. सोबत आई, भाऊ नाहीतर बायको असते आणि डॉक्टरांना उत्तरंही बहुधा तीच देतात: झोप लागते, गोळ्या घेतो, आरडाओरडा थांबला. ही नोंद हवीच. पण तो पुन्हा रानात जाऊ लागला का, लग्नकार्यात त्याला कोणी हाक मारतं का, खिशात स्वतःचे चार पैसे असतात का, हे त्यालाच विचारायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९१ मध्ये जीवनाचा दर्जा मोजणारी प्रश्नावली रचायला घेतली. जगभरातल्या १५ केंद्रांमध्ये आपल्याकडची दिल्ली आणि मद्रास ही दोन होती. १०० प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीतून २६ प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली. शरीर, मन, माणसांशी संबंध आणि परिसर असे तिचे चार भाग. हिंदीप्रमाणे ती मराठीतही वापरली जाते.

भाषांतर करायचं, मग मूळ प्रत न पाहिलेल्या कोणाकडून ते पुन्हा इंग्रजीत आणायचं, दोन्ही ताडून पाहायचं, ही रीत सर्वांना ठाऊक असते. मला अधिक मोलाचं वाटतं ते उत्तरांच्या पायऱ्यांवरचं काम. ‘अजिबात नाही’ आणि ‘पुरेपूर’ यांच्या मधल्या तीन पायऱ्यांसाठी प्रत्येक केंद्रानं साध्या माणसांपुढे दहा सेंटिमीटरची रेघ ठेवली आणि ‘थोडंसं’, ‘बऱ्यापैकी’ असे त्यांच्या भाषेतले शब्द रेघेवर कुठे बसतात ते विचारलं. पाव, अर्ध्या आणि पाऊण अंतराजवळ पडलेले शब्द निवडले. माणदेशातल्या आणि वाळव्यातल्या माणसांकडूनही अशा खुणा करून घ्यायला हव्यात. ‘बरं चाललंय’ हे आपल्याकडे उत्तरापेक्षा शिष्टाचार जास्त असतं. ते सरळ आकड्यात टाकलं, तर हाल सोसणारा माणूस कागदावर सुखी दिसतो.

सर्वांत अवघड प्रश्न लैंगिक जीवनाबद्दलचा. सासू शेजारी बसलेली असताना कोणती सून त्याचं उत्तर देईल? माणसांशी संबंधांच्या भागात मुळात तीनच प्रश्न आहेत. एक कोरा राहिला तर गुण कसेबसे काढता येतात, दोन राहिले तर त्या भागाचे गुणच निघत नाहीत. म्हणून आडोशाची खोली आणि बाईला विचारायला बाईच, ही सौजन्याची बाब नाही. मोजमाप त्यावरच उभं आहे.

परिसराच्या भागात सुरक्षितता, घर, पैसा, प्रवास येतात. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांपुरते असतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या रुग्णाचे गुण घसरले असतील, तर दोष औषधाचा नव्हता. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात, टँकरच्या रांगेतही तेच. गुणांशेजारी गाव आणि महिना लिहिल्याशिवाय अर्थ लागत नाही.

मग प्रश्नावलीच्या कसोट्या. प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबॅखच्या १९५१ च्या गुणांकानं पाहतात, ०.७ च्या वर असला तर चालतो. प्रकृती बदललेली नसताना पुन्हा विचारलं तर उत्तरं मिळतीजुळती यावीत. आजार स्थिर असलेला स्किझोफ्रेनियाचा रुग्णही असं भरवशाचं उत्तर देऊ शकतो. त्याच्या वतीनं भावानं फॉर्म भरणं त्यामुळे मला पटत नाही.

या कसोट्या एका शहरात पार पडल्या म्हणून साऱ्या मराठी मुलखाला लागू होत नाहीत. मिरज आणि कराड इथं वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय लागतातच. त्यांनी हे काम तालुक्यांत न्यावं. आणि जतच्या पूर्वेकडे जाताना कानडी प्रत सोबत ठेवावी. तिथल्या अनेक घरांत दुःख कानडीतच सांगितलं जातं.