पावसाने दिलेला चषक

रत्नागिरीच्या नावाने क्रिकेटचा पहिला मोठा चषक आला तो पावसाच्या कृपेने. २०२३च्या जूनमध्ये पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला मोसम झाला. अंतिम सामना केदार जाधवच्या कोल्हापूर टस्कर्स आणि अझीम काझीच्या रत्नागिरी जेट्स यांच्यात होता. पावसाने तो पुरा होऊ दिला नाही. साखळीत अव्वल असल्यामुळे रत्नागिरी विजेती ठरली. पावसाने आमची भातशेती बुडवली, आंब्याचा मोहोर गाळला, घाट बंद पाडले. एकदा तरी त्याने काहीतरी दिले, असे आमच्याकडे हसत हसत म्हटले गेले. पुढच्या वर्षी, २०२४ला, जेट्सने नाशिकच्या टायटन्सना हरवून पुन्हा चषक नेला. त्या वेळी मात्र पावसाचे उपकार घ्यावे लागले नाहीत.

‘नेला’ म्हटले खरे, पण कुठे नेला? जेट्स हे नाव जेटसिंथेसिस या मालक कंपनीवरून आले. खेळाडू लिलावातून आले. सामने गहुंजेला, म्हणजे घाट चढून सात-आठ तासांवर. आणि स्पर्धा जूनमध्ये. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात पाऊस उतरतो, तेव्हा रत्नागिरीत चेंडू टाकायचा तर तो पागोळ्यांखालीच. म्हणजे रत्नागिरीच्या संघाला रत्नागिरीत खेळता येणार नाही, असाच महिना स्पर्धेसाठी निवडला गेला आहे. यात कुणाचा दुष्टपणा नाही. आयपीएल मेअखेरीस संपते, रणजी ऑक्टोबरात सुरू होते. मधल्या फटीत जे बसेल ते बसवायचे. छोट्या सामन्यांनी देशी क्रिकेटचे काय केले, ते या फटीपासूनच समजून घ्यायला हवे.

आधी जुन्या गोष्टीकडे जाऊ. महाराष्ट्राच्या संघाची ओळखच मुळी लांब खेळीची. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा देवधर पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२चा विक्रम हाकेच्या अंतरावर असताना काठियावाडच्या संघाने सामनाच सोडून दिला. आज वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही संघांना मिळून २४० चेंडू मिळतात. निंबाळकरांना तेवढ्यात घामही आला नसता.

मात्र गंमत अशी, की १९७३-७४मध्ये विभागीय संघांची मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिला नाव दिले गेले ते याच देवधरांचे. दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडणाऱ्या संस्कृतच्या प्राध्यापकाच्या नावाने एकदिवसीय करंडक! आखूड सामन्यांविषयी कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पुढे २००६-०७ला राज्यांची वीस षटकांची स्पर्धा आली, तिला सय्यद मुश्ताक अलींचे नाव मिळाले आणि २००९-१०ला तो करंडक महाराष्ट्राने जिंकला. रणजी करंडक मात्र १९४०-४१नंतर महाराष्ट्राकडे आलेला नाही. २०१३-१४ला केदार जाधवने मोसमात हजाराहून अधिक धावा काढल्या, संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि कर्नाटकाकडून हरला.

हा केदार टेनिस बॉलवर घडलेला. त्याचा तो जमिनीलगतचा आडवा हात आणि फलंदाजाला चकवणारा संथ चेंडू आठवा. ते प्रशिक्षण शिबिरात शिकवत नाहीत. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मात्र असे गोलंदाज वाडीगणिक आहेत.

कारण कोकणाला आखूड क्रिकेट नवे नाही. आम्हाला लांब क्रिकेट परवडलेच नाही कधी. भात कापल्यावर मोकळा झालेला मळा, नाहीतर जांभ्याचा कातळ. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला आमराई, पलीकडे दरी. चामड्याचा चेंडू कातळावर दोन षटकांत सोलून निघतो, म्हणून टेनिसचा. चेंडू दरीत गेला की शोधायला जाणार कोण, म्हणून सरळ बाद. अंडरआर्मची तर प्रत्येक वाडीची वेगळी घटना आहे, आणि तिचे कलम दर भांडणानंतर बदलते. चार षटकांचा, पाच षटकांचा सामना. दिवसात दहा-बारा सामने उरकायचे, कारण मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला रात्रीची गाडी पकडायची असते. शिमग्याला आणि मे महिन्यात स्पर्धांचा हंगाम. ‘वाडी मर्यादित’, ‘गाव मर्यादित’ आणि ‘ओपन’ हे आमचे तीन स्तर. जगाला २००३मध्ये इंग्लंडच्या कौंट्यांनी वीस षटकांचे क्रिकेट दाखवले, तेव्हा आमच्या पोरांना ती कसोटी वाटली असेल.

बदलले ते षटकांच्या संख्येत नाही, मालकीत. पूर्वी वर्गणी काढून चषक आणायचे. आता गावोगावच्या प्रीमियर लीगमध्ये संघमालक असतात, आयकॉन खेळाडू असतात, गुणांवर लिलाव होतो. काल ज्याच्याबरोबर मळा नांगरला, त्याच्यावर आज बोली लागते. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, जर्सीवर मालकाच्या धंद्याचे नाव. दुबईतला किंवा डोंबिवलीतला भाऊ मोबाइलवर सामना पाहतो आणि समालोचकाकडे बक्षीस जाहीर करतो. २०२४च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची दहा षटकांची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. माझी मुंबई संघाचे मालक अमिताभ बच्चन. या लीगने टेनिस बॉलला स्टेडियमच्या पायऱ्या चढवल्या, हे खरे. ते पाहून गावातला पोरगा पहिल्यांदा विचारू लागला, की टेनिस बॉल हाच धंदा का नाही?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. टेनिस बॉल हलका, उसळी मोठी, हवेत वळतो पण टप्प्यावर कापत नाही. फलंदाज पाय न हलवता खालच्या हाताने उचलतो. चामड्याच्या चेंडूसमोर हीच सवय यष्टींमागे झेल देते. पूर्वी जिल्ह्याच्या संघात यायचे तर ही सवय मोडावी लागे. मॅटिंगवर, मग टर्फवर, दोन-तीन वर्षे. आता वरच्या पातळीवरही उचलणाऱ्यालाच भाव असेल, तर ती मोडायची कशाला? महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्याच मोसमात सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने नाशिककडून ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात तेरा षटकार, शिवाय चार बळी. सहा महिन्यांत आयपीएलच्या लखनौ संघाने त्याला वीस लाखांना घेतले. अठरा वर्षांचा मुलगा. त्याच्यामागे लेदर बॉलची शिस्त होती, हे सांगावे लागते, कारण प्रक्षेपणात ती दिसत नाही. दिसतात ते तेरा षटकार.

आता हिशेब मांडू. रणजीत नव्या खेळाडूला दिवसाला चाळीस हजार रुपये, चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला साठ हजार. चार दिवसांच्या सात साखळी सामन्यांचे नवख्याला अकरा लाख वीस हजार होतात. मुश्ताक अली स्पर्धेत सामन्याला साडेसतरा हजार. म्हणजे भारतीय क्रिकेट मंडळाच्या दरपत्रकात लांब क्रिकेट अजूनही महाग आहे! पण आयपीएलच्या लिलावात किमान किंमत तीस लाख, आणि २०२५पासून खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे साडेसात लाख. तीन तास विरुद्ध चार महिने. मुलाला कोणी दोष द्यायचा?

वेळापत्रकही वाकले. २०२४-२५पासून रणजी दोन तुकड्यांत खेळवली जाते. मधे मुश्ताक अली आणि विजय हजारे या पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा. फलंदाजाने नोव्हेंबरात लाल चेंडू सोडायला शिकायचे, डिसेंबरात पांढरा मारायला आणि जानेवारीत पुन्हा सोडायला. सामन्यात एक खेळाडू मधेच बदलू देणारा इम्पॅक्ट खेळाडूचा नियम आधी २०२२च्या मुश्ताक अली स्पर्धेत आला, मग आयपीएलमध्ये. अष्टपैलूला गोलंदाजीच मिळेना, अशी कुरकुर रोहित शर्मानेही जाहीरपणे केली. देशी स्पर्धेतून नियम २०२४ला काढला, आयपीएलमध्ये ठेवला. प्रयोग देशी क्रिकेटवर, नफा आयपीएलचा, असा माझा तरी समज झाला आहे. इतरत्रही लीगच आधी. २०२४च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेने आपल्या लीगसाठी मुख्य खेळाडू घरी ठेवले आणि न्यूझीलंडला कसोटीसाठी पाठवलेल्या संघाचा कर्णधारच कसोटी न खेळलेला होता.

तरी सगळे बुडाले, असे मी म्हणणार नाही. विदर्भाकडे पाहा. २०२४-२५ची रणजी त्यांनी जिंकली. हर्ष दुबेने एका मोसमात ६९ बळी घेऊन विक्रम केला. षटकामागे षटक, तोच टप्पा. आणि मग हैदराबादच्या आयपीएल संघाने त्याला बदली खेळाडू म्हणून बोलावले. लांब रस्त्यानेही तिथे पोहोचता येते. फक्त त्या रस्त्यासाठी मैदाने लागतात, टर्फ लागते, वर्षाचे दहा महिने ती राखणारा माणूस लागतो. नागपूरकडे ते आहे.

आमच्याकडे काय आहे? मारुती मंदिरजवळचे छत्रपती शिवाजी स्टेडियम आहे, सड्यावरचा कातळ आहे आणि चार महिने कोसळणारा पाऊस आहे. १९८१पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या सावंतवाडीचा निखिल नाईक महाराष्ट्राकडून खेळला, पंजाब आणि कोलकात्याच्या संघांतून आयपीएलपर्यंत गेला. पण कोकणातली अशी नावे मोजायला एका हाताची बोटे पुरतात. जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतो, आणि असोसिएशनचे सारे पुण्यात.

म्हणून मागणी एवढीच. जून नको, जूनमध्ये आम्ही भाताच्या कामात असतो. डिसेंबरात किंवा जानेवारीत, कातळ कोरडा असताना, जेट्सच्या खेळाडूंनी रत्नागिरीत आठवडाभर राहावे, पोरांना लेदर बॉल हातात द्यावा आणि एक तरी सामना इथे खेळावा. दोन्ही चषकही बरोबर आणावेत. आम्ही ते अजून पाहिलेले नाहीत.