टेनिसची जोडी

टेनिस म्हणजे जाळीवरून चेंडू पलीकडे मारायचा खेळ. जाळी असते कमरेएवढी. एकास एक खेळले तर ती एकेरी. दोघांविरुद्ध दोघे, ती दुहेरी.

एकेरीचे मैदान २७ फूट रुंद, दुहेरीचे ३६ फूट. म्हणजे दुहेरीत एकाच्या वाट्याला १८ फूटच आले. धावपळ कमी. पण चेंडू दोघांच्या मधून आला तर? ‘तू घे’ म्हणेपर्यंत तो निघून जातो! जोडीदाराचे मन आधीच ओळखावे लागते. ती जाण अनुभवाने येते.

कर्नाटकातल्या कोडगू भागात रोहन बोपण्णा वाढला. वडिलांचा कॉफीचा मळा. पण रोहनने टेनिस हाच धंदा धरला. खेळून खेळून गुडघे झिजले. दुखणे थांबवायच्या गोळ्या घेऊन तो खेळे. मग त्याने पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीची योगासने सुरू केली. गुडघे साथ देऊ लागले.

अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत तो दुहेरीच्या शेवटच्या सामन्यात दोनदा हरला होता. तशीच मोठी स्पर्धा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला भरते. २७ जानेवारी २०२४ रोजी तिथला शेवटचा सामना झाला. रोहनचा जोडीदार ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एबडन. समोर दोघे इटलीचे. पहिला डाव ७-६, दुसरा ७-५. रोहनची जोडी जिंकली. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता, बरं का!