हायावाथा : परंपरेतला आणि कवितेतला

• कोण? उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वा (स्वतःच्या भाषेत हौडेनोसोनी) लोकांचा पुराणपुरुष. काळाबद्दल मतभेद.

• कार्य : शांतिदूत देगानाविदासोबत मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका या पाच राष्ट्रांचा संघ. टस्करोरा सहावे, १७२२च्या सुमारास.

• खूण : शिंपल्यांच्या जांभळ्या-पांढऱ्या मण्यांचा पट्टा, मध्ये वृक्ष, दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोन. संघाच्या ध्वजावरही हेच चिन्ह.

• नेहमीची गल्लत : अमेरिकन कवी लाँगफेलोच्या १८५५च्या दीर्घकाव्याचा नायक वेगळा. तो सुपीरियर सरोवराकाठचा. त्याच्या कथा मुख्यतः ओजिब्वे लोकांच्या, मूळ नायक मानाबोझो. इरोक्वांकडून घेतलं ते फक्त नाव.

• आज : मिशिगनमधलं राष्ट्रीय वन आणि शिकागो–मिलवॉकी रेल्वेगाडी याच नावाची.